जॉइंट शाफ्ट काढणे, तपासणे आणि दुरुस्त करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातील गावांत पिकअप, जीप, छोटी मालवाहू गाडी आणि ट्रॅक्टर यांच्यावर कास्तकाराचा आणि वाहतूक करणाऱ्याचा हंगाम अवलंबून असतो, आणि ऐन कापसाच्या किंवा सोयाबीनच्या दिवसांत गाडी उभी राहिली तर नुकसान केवळ दुरुस्तीच्या खर्चापुरते राहत नाही. गावातील मेकॅनिक, गाडीचे मालक आणि स्वतःच्या हाताने काम करू पाहणारे चालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

जॉइंट शाफ्ट म्हणजे नेमका कोणता भाग, आणि तो प्रत्येक गाडीला असतो का?

इंजिन पुढे आणि ओढणारी चाके मागे असलेल्या गाडीत गिअरबॉक्सपासून मागच्या हाउसिंगमधील डिफरेन्शियलपर्यंत (ताकद दोन्ही मागच्या चाकांत वाटणाऱ्या गिअरपर्यंत) फिरण्याची ताकद नेणारी लांब पोकळ नळी म्हणजे जॉइंट शाफ्ट. कंपनीच्या पुस्तकात तिला प्रोपेलर शाफ्ट म्हटलेले आढळते. मागचे हाउसिंग कमानपाट्यांवर खालीवर होत असते, तर गिअरबॉक्स चेसिसला धरून जवळपास स्थिर राहतो, म्हणून या नळीच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे अधिक चिन्हाच्या आकाराचे चार खुंट्यांचे सांधे, असतात आणि लांबी कमीजास्त होण्यासाठी खाचांचा स्लिप जॉइंट असतो. लांब गाड्यांत शाफ्टचे दोन तुकडे असून मधोमध त्यांना आधार देणारे सेंटर बेअरिंग असते. पुढची चाके ओढणाऱ्या कारमध्ये असा लांब शाफ्ट नसतो. तेथे गिअरबॉक्सपासून प्रत्येक पुढच्या चाकाकडे एकेक आखूड शाफ्ट जातो, आणि त्याची दुरुस्ती वेगळी असल्याने तिचे उत्तर पुढे स्वतंत्रपणे दिले आहे.

शाफ्टमध्ये बिघाड आहे हे गाडी न खोलता कसे ओळखावे?

पहिली खूण आवाजाची असते. क्लच सोडताना, किंवा पुढचा गिअर काढून रिव्हर्स टाकताना गाडीखालून एकच ‘टक्क’ असा धातूचा आवाज येत असेल, तर क्रॉसमध्ये किंवा स्लिप जॉइंटच्या खाचांमध्ये ढिलाई असण्याची शक्यता मोठी आहे. हळू वेगात चाकाच्या फेऱ्यांबरोबर येणारी बारीक चूंचूं ही कोरड्या पडलेल्या क्रॉसची खूण असून, ती ऐकू येत असतानाच ग्रीस दिले तर कधीकधी क्रॉस वाचतो. एका ठरावीक वेगाला संपूर्ण फरशी थरथरत असेल, तर शाफ्टचे बॅलन्स, वाकलेली नळी, चुकीच्या दातावर बसवलेला स्लिप जॉइंट किंवा फाटलेले सेंटर बेअरिंगचे रबर यांपैकी एक कारण असते.

थरथर चाकाची की शाफ्टची, हा घोळ मात्र फार होतो आणि त्यापायी टायर विनाकारण बदलले जातात. एक साधा हिशेब ध्यानात ठेवावा. चाकाचा बाहेरचा व्यास ६५ सें.मी. धरला तर एका फेऱ्यात गाडी सुमारे २ मीटर पुढे जाते. ताशी ६० कि.मी. वेगाने गाडी एका मिनिटात १,००० मीटर जाते, म्हणजे चाक मिनिटाला सुमारे ४९० फेरे घेते. डिफरेन्शियलचे प्रमाण ४ असेल तर त्याच वेळी शाफ्ट जवळपास १,९६० फेरे घेत असतो. म्हणून चाकातील दोषाचा धक्का संथ, मोजता येईल असा आणि बहुधा स्टिअरिंगवर जाणवतो, तर शाफ्टची थरथर बारीक, भरभर येणारी आणि सीटखाली जाणवणारी असते. रस्ता सरळ, सपाट आणि पूर्ण मोकळा असताना त्या वेगाला क्लच दाबून गाडी न्यूट्रलमध्ये जाऊ द्यावी. इंजिनाचा वेग उतरूनही थरथर तशीच राहिली, तर दोष इंजिनात नसून शाफ्ट, डिफरेन्शियल किंवा चाके यांच्याकडे आहे, असे म्हणता येते.

त्यानंतर गाडी थंड असताना, चाके अडवून आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, खाली जाऊन शाफ्ट हाताने मागेपुढे फिरवून पाहावा. क्रॉसच्या एका बाजूचा योक (क्रॉसला धरणारा दोन कानांचा भाग) हलतो आणि दुसऱ्या बाजूचा किंचित उशिराने हलतो, असे दिसले तर क्रॉस गेला आहे. दोन्ही योक एकत्र हलून मोकळेपणा पुढे डिफरेन्शियलमध्ये जाणवत असेल, तर तो दोष क्रॉसचा नाही, आणि थोडासा मोकळेपणा तेथे मुळातच असतो. क्रॉसच्या खुंट्यांवरील कपांभोवती तांबूस, गंजासारखी भुकटी साचलेली दिसली, तर आतील सुया (बेअरिंगचे बारीक रोलर) कोरड्या पडून झिजत आहेत हे निश्चित समजावे.

आमच्या भागात क्रॉस इतक्या लवकर का जातात?

याचे मुख्य कारण चिखल आणि ग्रीस न देणे हे आहे. ओव्हरलोडचा क्रमांक माझ्या मते त्यानंतर लागतो, जरी दोष नेहमी ओव्हरलोडलाच दिला जातो. मिरगाचा पाऊस पडला की काळ्या मातीचा पांदण रस्ता चिकट होतो, चिखल शाफ्टभोवती आणि क्रॉसच्या सीलवर (ग्रीस आत आणि घाण बाहेर ठेवणाऱ्या रबरी कडीवर) थर धरतो, आणि तो वाळला की सीलच्या कडेवर घासत राहतो. पूर्व विदर्भात धानाच्या बांधीतून गाडी किंवा ट्रॅक्टर नेला तर पाणी सीलपर्यंत थेट पोहोचते. पुढे उन्हाळ्यात चंद्रपूर किंवा ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा जुने, हलके ग्रीस पातळ होऊन बाहेर येते आणि आत धूळ मिसळलेला कोरडा लगदा उरतो.

सर्व्हिसिंग सेंटरवर जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने गाडी खालून धुतली जाते, हेही एक कारण आहे. फवारा सीलवर जवळून मारला तर पाणी आत शिरते, म्हणून गाडी धुतल्यानंतर त्याच दिवशी सर्व निप्पलांना (ग्रीस गन लावण्याच्या तोंडांना) ग्रीस द्यावे, म्हणजे आत गेलेले पाणी जुन्या ग्रीसबरोबर बाहेर ढकलले जाते. धुण्यापूर्वी ग्रीस देऊन नंतर धुण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. तो क्रम उलटा आहे.

काम सुरू करण्यापूर्वी गाडी कशी उभी करावी?

या प्रश्नाचे उत्तर वगळून पुढचे काही वाचू नये, अशी कळकळीची विनंती आहे. शाफ्ट काढला की इंजिन आणि मागची चाके यांचा संबंध तुटतो, त्यामुळे गाडी गिअरमध्ये ठेवली तरी ती जागेवर थांबत नाही. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर असल्याने तो काम करतो, परंतु काही जुन्या जीपांमध्ये आणि काही ट्रकांमध्ये हँडब्रेकचा ड्रम गिअरबॉक्सच्या किंवा ट्रान्सफर केसच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांकडे ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागेच असतो, आणि अशा गाडीचा शाफ्ट सुटताच हँडब्रेकही निरुपयोगी होतो. उतारावर अशी गाडी अंगावरून जाते.

म्हणून जागा सपाट आणि कडक निवडावी, आणि चारही चाकांना पुढून व मागून जाड लाकडी ठोकळे लावावेत. विटा लावू नयेत, कारण भाराखाली वीट अचानक फुटते. वावरात किंवा धुऱ्यालगत काम करावेच लागले तर जॅकखाली आणि स्टँडखाली जाड फळी किंवा लोखंडी प्लेट ठेवावी. वरून वाळलेली, भेगाळलेली काळी माती कडक दिसते, पण खाली ओल असेल तर जॅकचा पाय हळूहळू एका बाजूला रुततो. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरसुद्धा, जाऊ नये. गाडीचा भार मजबूत लोखंडी स्टँडवर घेऊन, बाजूने जोरात हलवून पाहून, मगच खाली सरकावे. पिकअपसारख्या उंच गाड्यांत चाके जमिनीवर ठेवूनही शाफ्ट काढता येतो, आणि जेथे तसे जमते तेथे गाडी उचलूच नये.

कोणती हत्यारे लागतात?

योग्य मापाचे रिंग पाने आणि सॉकेट, लॉक (कप योकमध्ये अडकवून धरणारी कडी) काढण्याची पक्कड, मजबूत बेंच व्हाइस, पितळी किंवा तांब्याचा हातोडा, पंच, ग्रीस गन आणि शक्य असेल तर टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) एवढ्यावर काम होते. फ्लँजच्या (शाफ्टच्या टोकाला असलेल्या जोडणीच्या चकतीच्या) बोल्टला फिक्स पाना किंवा पाइप पाना लावू नये, कारण या बोल्टची डोकी एकदा गोल झाली की छिन्नीशिवाय सुटत नाहीत. डोळ्यांना चष्मा अवश्य लावावा. वाळलेला चिखल आणि उडणारे लॉक दोन्ही डोळ्यांतच जातात.

शाफ्ट काढण्यापूर्वी खुणा करण्याला एवढे महत्त्व का दिले जाते?

क्रॉसचा जॉइंट कोनात फिरतो तेव्हा त्याच्या पुढच्या टोकाचा वेग एकसारखा राहत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. कोन १० अंश असेल तर हा फरक दोन्ही बाजूंना सुमारे दीड टक्का असतो, आणि कोन २० अंश झाला तर तो ६ टक्क्यांच्या आसपास जातो. एवढा फरक मिनिटाला दोन हजार फेरे घेणाऱ्या शाफ्टमध्ये सरळ थरथर म्हणून उतरतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हाच फरक उलट दिशेने भरून काढतो, मात्र त्यासाठी नळीच्या दोन्ही टोकांचे योक एकाच पातळीत असावे लागतात आणि दोन्ही जॉइंटचे कोन जवळजवळ सारखे असावे लागतात. स्लिप जॉइंट एका दाताने जरी पुढेमागे बसला, तरी ही जुळणी बिघडते.

त्यामुळे नवा क्रॉस, नवे बेअरिंग, सर्व काही नवे घालूनही गाडी पूर्वीपेक्षा जास्त थरथरते, अशी तक्रार आली की सर्वप्रथम योकांची पातळी पाहावी. शाफ्ट टेबलावर ठेवून दोन्ही टोकांच्या योकांची भोके एका रेषेत येतात का, हे डोळ्यांनीही तपासता येते.

खुणा चार ठिकाणी कराव्यात : गिअरबॉक्सचा फ्लँज आणि शाफ्टचा फ्लँज यांच्यावर मिळून एक, स्लिप जॉइंटच्या दोन्ही भागांवर मिळून एक, डिफरेन्शियलच्या फ्लँजवर एक, आणि दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर मधल्या जोडावर एक. खडूची खूण डिझेलने पुसली जाते, म्हणून आधी जागा तारेच्या ब्रशने साफ करून ऑइल पेंटने रेघ ओढावी किंवा पंचाचा हलका ठिपका द्यावा. कंपनीने दिलेल्या बाणाच्या खुणा चिखलाखाली लपलेल्या असतात. त्या सापडल्या तर त्यांच्याशी ताडून पाहावे, कारण गाडी आधीच कोणी चुकीची जोडलेली असू शकते.

शाफ्ट प्रत्यक्ष कोणत्या क्रमाने काढावा?

आधी डिफरेन्शियलच्या बाजूचे बोल्ट काढावेत. बोल्ट गंजलेले असतील तर आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारे तेल टाकून ठेवावे, आणि सोडवताना शाफ्ट फिरू नये म्हणून तो पहारीने अडवताना पहार योकमध्ये टेकवावी, क्रॉसच्या कपावर किंवा ग्रीस निप्पलवर टेकवू नये. शेवटचा बोल्ट काढण्यापूर्वी शाफ्टचे टोक दोरीने चेसिसला बांधावे. शाफ्ट एका क्रॉसवर लोंबकळत सोडला तर त्या चांगल्या क्रॉसचे सीलही ताणले जाते, आणि नळी अंगावर पडली तर दुखापत गंभीर होते.

त्यानंतर सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटचे बोल्ट काढावेत आणि ब्रॅकेटखाली पत्र्याच्या चकत्या असतील तर त्या कोणत्या बाजूला किती होत्या, हे लिहून ठेवावे. शाफ्टचा कोन त्यांच्यावर ठरलेला असतो. शेवटी गिअरबॉक्सची बाजू सोडवावी. काही गाड्यांत तेथे फ्लँज नसून शाफ्टचे टोक सरळ गिअरबॉक्समध्ये सरकवलेले असते. अशा वेळी टोक बाहेर येताच ऑइल सांडू लागते, म्हणून जाड पॉलिथीन आणि रबर बँड हाताशी ठेवून तोंड लगेच बंद करावे, आणि टोक ओढताना ऑइल सीलच्या ओठाला धक्का लागू देऊ नये.

क्रॉस कसा बदलावा?

हे काम घाईने बिघडते, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देत आहे. आधी योक पूर्ण धुऊन लॉकच्या खाचा मोकळ्या कराव्यात. खाचेत मातीचा गोळा असताना पक्कड लावली तर लॉक वाकते पण सुटत नाही. कप आतून दाबून धरत असेल तर कपावर पितळी हातोड्याचा एक हलका ठोका देऊन त्याला किंचित आत सरकवावे, म्हणजे लॉक सैल होते. लॉक निघाल्यावर बेंच व्हाइसमध्ये एका बाजूला कपापेक्षा लहान सॉकेट आणि दुसऱ्या बाजूला कप आत मावेल एवढा मोठा सॉकेट ठेवून दाब द्यावा. लहान सॉकेट एका कपाला आत ढकलतो आणि समोरचा कप मोठ्या सॉकेटमध्ये बाहेर येतो. व्हाइसमध्ये पोकळ नळी कधीही धरू नये. ती सहज दबते. योकला गॅसने लालबुंद तापवण्याची पद्धत आहे, पण तीही टाळावी, कारण तापलेला योक किंचित वाकला तरी कपांची भोके एका रेषेत राहत नाहीत.

जुना क्रॉस हातात आल्यावर तो टाकण्यापूर्वी नीट पाहावा, कारण बिघाडाचे कारण त्याच्यावरच उमटलेले असते. खुंट्यांवर सुयांच्या मापाच्या समांतर खाचा पडलेल्या असतील तर भार आणि धक्के जास्त झाले आहेत. तांबडा गंज आणि चिखल असेल तर सीलने दगा दिला आहे. एकच खुंटी काळीनिळी पडली असेल तर त्या कपापर्यंत ग्रीस पोहोचतच नव्हते.

नव्या क्रॉसचे कप काढताना त्यांतील सुया मोजून आणि ग्रीसमध्ये चिकटवून उभ्या ठेवाव्यात. एक सुई जरी निसटून कपाच्या तळाशी आडवी पडली, तर कप पूर्ण आत जात नाही आणि लॉकची खाच अर्धीच दिसते. या क्षणी हातोड्याने जोर करणे म्हणजे नवा क्रॉस फोडणे होय. कप बाहेर काढून सुई पुन्हा उभी करावी आणि पुन्हा दाबावे. दोन्ही कप सारखे दाबत न्यावेत आणि क्रॉसची खुंटी नेहमी कपात अडकलेली राहील असे हाताने धरावे, म्हणजे सुया पडत नाहीत. ग्रीस निप्पलचे तोंड शाफ्ट गाडीला लागल्यावर ग्रीस गन पोहोचेल अशा बाजूला ठेवावे. हे आधी न पाहिल्यामुळे नवा क्रॉस जन्मभर ग्रीसविना राहिल्याची उदाहरणे आपल्याकडे कमी नाहीत.

चारही लॉक आपापल्या खाचेत पूर्ण बसल्याची खात्री झाल्यावर योकच्या कानांवर पितळी हातोड्याने हलके ठोके द्यावेत, म्हणजे कप लॉकला टेकतात आणि जॉइंट मोकळा होतो. जॉइंट सर्व दिशांना हाताने एकसारखा फिरायला हवा. कोठे अडत असेल, तर सुई पडली आहे किंवा योक वाकला आहे, आणि ‘गाडी चालल्यावर मोकळा होईल’ या समजुतीवर तो बसवू नये.

चारपैकी एकच कप खराब असेल तर तेवढाच दुसऱ्या जुन्या क्रॉसमधून काढून लावता येईल का?

नाही. कप आणि खुंटी एकमेकांबरोबर झिजलेले असतात. संपूर्ण क्रॉस बदलावा.

सेंटर बेअरिंग केव्हा बदलावे?

बेअरिंग हाताने फिरवताना खरखर लागत असेल, किंवा त्याभोवतीचे रबर फाटून शाफ्ट खालीवर हलत असेल, तर ते बदलावे. भरलेली गाडी उठवताना गुडगुड असा जड थरकाप येणे, हे फाटलेल्या रबराचे ठळक लक्षण आहे. मधला जोड सोडवण्यापूर्वी दोन्ही तुकड्यांवर खूण केलेली असावी, आणि नवे बेअरिंग ठोकून न बसवता आतल्या रिंगवर नळी टेकवून प्रेसने दाबावे. ब्रॅकेटचे बोल्ट आधी सैल ठेवून, शाफ्ट एकदा फिरवून, रबर कोणत्याही बाजूला ताणलेले नाही हे पाहून मगच आवळावेत.

नळी वाकली किंवा तिला चीर गेली, तर वेल्डिंग करून चालेल का?

चीर गेलेल्या नळीवर गावात वेल्डिंग करून गाडी पुन्हा मालवाहतुकीला लावणे मला मुळीच मान्य नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने नळी किंचित ओढली जाते, वेल्डचे वजन एका बाजूला येते, आणि वेल्डशेजारचा धातू पुन्हा तेथेच चिरतो. शाफ्टचे पुढचे टोक चालत्या गाडीत सुटून रस्त्यात रुतले तर गाडी मागून उचलली जाऊ शकते. नळी बदलायची असेल तर ती लेथवर सरळपणा तपासून वेल्ड केली जावी आणि त्यानंतर शाफ्ट बॅलन्सिंग मशीनवर फिरवला जावा. हे काम करणारे वर्कशॉप मोठ्या शहरात शोधावे लागते आणि त्यासाठी एक दिवस गेला तरी तो वाया गेला असे समजू नये. नळीवर चिकटवलेल्या लहान लोखंडी पट्ट्या बॅलन्सच्या असतात. त्या रंगकाम किंवा सफाई करताना छिन्नीने काढू नयेत, आणि एखादी पडून गेल्याची जागा दिसली तर थरथरीचे कारण तेथेच आहे.

गाडीवर असलेल्या शाफ्टजवळ इतर कोणत्याही भागाचे इलेक्ट्रिक वेल्डिंग करावे लागले, तर बॅटरीची तार काढावी आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या जागेला लागून लावावा. चिमटा दूर लावला तर करंट क्रॉसच्या सुयांमधून आणि बेअरिंगमधून जातो व त्यांवर डाग पडतात.

शाफ्ट परत बसवताना बोल्ट कोणते वापरावेत?

फ्लँजचे बोल्ट साधे नसतात. त्यांच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो, आणि गावच्या हार्डवेअर दुकानातील आकडा नसलेला बोल्ट त्याच मापाचा दिसला तरी तेवढी ताकद सोसत नाही. नायलॉन असलेले नट एकदा काढले की नवे घ्यावेत. फ्लँजची दोन्ही तोंडे कोरडी आणि स्वच्छ असावीत. रंगाचा किंवा वाळलेल्या मातीचा थर मध्ये राहिला तर तो चुरून बोल्ट सैल होतात. बोल्ट समोरासमोरच्या जोडीने थोडेथोडे आवळावेत, शेवटी गाडीच्या पुस्तकातील मापाप्रमाणे टॉर्क पाना लावावा, आणि थोडी गाडी चालवून आल्यावर, तसेच पहिल्या भरलेल्या फेरीनंतर, पुन्हा तपासावेत.

पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या कारचा शाफ्ट वेगळा कसा?

त्यात क्रॉसऐवजी गोळ्यांचा सी.व्ही. जॉइंट असतो, जो मोठ्या कोनातही वेग एकसारखा ठेवतो, आणि त्याचे ग्रीस रबराच्या बुटात बंद असते. येथे बूट हाच जीव आहे. बूट फाटला की ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडते आणि धूळ आत जाते. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवताना ‘कट कट’ आवाज येऊ लागला, तर बाहेरचा जॉइंट झिजला आहे. आवाज नसताना फाटलेला बूट सापडला तर जॉइंट धुऊन, मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस पाकिटातील पूर्ण मापाने भरून, नवा बूट लावल्यास थोड्या खर्चात काम भागते.

काढताना हबचा मोठा नट गाडी जमिनीवर असताना, दुसऱ्याने ब्रेक दाबून धरल्यावर सैल करावा. आतले टोक गिअरबॉक्समधून टॉमीने (लोखंडी दांडीने) उचकावे. शाफ्टला धरून ओढू नये, कारण आतला जॉइंट सुटतो. ऑइल खाली येणार हे धरून भांडे ठेवावे. शाफ्ट बाहेर असताना गाडी चाकावर ढकलू नये, कारण बऱ्याच कारमध्ये हबचे बेअरिंग त्या शाफ्टच्या नटानेच आवळलेले असते.

ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टला हीच पद्धत लागू होते का?

ट्रॅक्टरच्या मागून यंत्राला फिरण्याची ताकद देणाऱ्या या शाफ्टचा क्रॉस बदलण्याची पद्धत तीच आहे, धोका मात्र कितीतरी मोठा आहे. मिनिटाला ५४० फेऱ्यांचा पीटीओ सेकंदाला ९ फेरे घेतो. त्याची ३५ मि.मी. व्यासाची खाचांची दांडी धरली तरी प्रत्येक सेकंदाला सुमारे एक मीटर कापड तिच्याभोवती गुंडाळले जाते, आणि बाहेरच्या जाड शाफ्टवर याहून जास्त. उन्हासाठी गळ्यात घेतलेला दुपट्टा, धोतराचा सोगा, साडीचा पदर किंवा सैल बाही अडकल्यावर हात सोडवायला वेळच मिळत नाही. म्हणून थ्रेशर किंवा रोटाव्हेटरच्या शाफ्टवरील प्लास्टिकचे कव्हर तुटले असेल तर ते क्रॉसइतकेच तातडीने बदलावे, आणि कव्हर काढून काम चालवणाऱ्यास ठामपणे थांबवावे. शाफ्टला हात लावण्यापूर्वी पीटीओ बंद, इंजिन बंद आणि किल्ली खिशात, एवढे झालेच पाहिजे.

रोटाव्हेटर उचलताना पीटीओ चालू ठेवल्याने क्रॉसवर मोठा कोन येतो आणि तो तेथेच झिजतो; उचलण्यापूर्वी पीटीओ बंद करावा. शाफ्टच्या आतबाहेर सरकणाऱ्या दोन नळ्या चालू स्थितीत एकमेकींत किमान एक तृतीयांश लांबीने अडकलेल्या असाव्यात, आणि यंत्र सर्वांत जवळ आल्यावरही त्या टोकाला टेकू नयेत. तुटणारा शिअर बोल्ट वारंवार तुटतो म्हणून त्याजागी जास्त कडक बोल्ट टाकला, तर पुढच्या वेळी दगड लागल्यावर बोल्टऐवजी क्रॉस किंवा गिअरबॉक्स तुटेल.

वाटेत क्रॉस तुटला तर काय करावे?

तुटलेला शाफ्ट लोंबकळत ठेवून गाडी एक फूटही पुढे नेऊ नये. चाके अडवून शाफ्ट पूर्ण काढावा, बोल्ट डब्यात ठेवावेत आणि गाडी ओढून न्यावी. गिअर गाडीला धरणार नाही हे ओढणाऱ्यालाही सांगावे, आणि चिखलदऱ्यासारख्या घाटात दोराऐवजी कडक रॉडनेच ओढावे. फोर व्हील ड्राइव्ह जीपमध्ये मागचा शाफ्ट तुटला असेल आणि ट्रान्सफर केसच्या मागे फ्लँज असल्याने ऑइल गळत नसेल, तर मागचा शाफ्ट काढून पुढच्या चाकांच्या ताकदीवर, हळू आणि रिकाम्या गाडीने, जवळच्या गावापर्यंत पोहोचता येते. मेळघाट आणि गडचिरोलीच्या जंगल भागात हे माहीत असणे उपयोगी पडते.

ग्रीस किती दिवसांनी द्यावे, आणि क्रॉस विकत घेताना काय पाहावे?

गाडीच्या पुस्तकातील अंतर हे चांगल्या रस्त्यासाठी असते. पावसाळ्यात पांदणीतून किंवा बांधीतून रोज जाणाऱ्या गाडीला दर आठवड्याला, आणि नाल्याच्या पाण्यातून गेल्यावर त्याच दिवशी ग्रीस द्यावे, असे माझे मत आहे. लिथियमचे, दुसऱ्या क्रमांकाच्या जाडीचे, भार सहन करणारे ग्रीस घ्यावे आणि चारही सीलमधून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत गन चालवावी. एका कपातून ग्रीस येत नसेल तर शाफ्ट थोडा फिरवून, क्रॉस हलवून पुन्हा प्रयत्न करावा, आणि तरीही येत नसेल तर तो क्रॉस काढून पाहण्याची वेळ आली आहे. काही क्रॉसना निप्पलच नसते. त्यांना ग्रीस देता येत नाही, त्यांची फक्त तपासणी करावी.

तालुक्याच्या गावी क्रॉस आणायला जाताना जुना क्रॉस सोबत न्यावा आणि कपाचा बाहेरचा व्यास व समोरासमोरच्या दोन कपांची एकूण लांबी कॅलिपरने मोजून घ्यावी. एकाच मॉडेलच्या गाडीत वर्षानुसार माप बदललेले असते, आणि लॉक बाहेरच्या बाजूचे आहे की आतल्या बाजूचे, हाही फरक दुकानातच पाहावा लागतो.